फडताळाची दोन कवाडं

लातुरात चित्रकलेच्या बाईला काय किंमत असते, हे मला आमच्याच घरात कळलं. आमचे हे फिजिक्सचे सर. आधी फक्त ज्युनिअर कॉलेजात शिकवायचे. गावात क्लासेसचं पेव फुटलं तसे घरीही शिकवायला लागले. पहिल्यांदा बैठकीची खोली गेली, मग मधली गेली, मग अंगणावर पत्रे पडले. पहाटेच्या बॅचला चपलांचा ढीग पार फाटकापर्यंत यायचा. माझे ब्रश, रंग, फळ्या असा सगळा संसार जिन्याच्या वळणावर जाऊन बसला. "तुला तिथं उजेड बरा मिळतो," हे म्हणाले. मी म्हटलं, "हो ना, आणि तुमची पोरं जाता-येता माझ्या रंगाच्या पाण्यात पाय बुचकळतात, तेवढी सोबतही होते."

शाळेतही तेच. दहावीचा चित्रकलेचा तास गणितानं खाल्ला, नववीचा विज्ञानानं. मुख्याध्यापक मोठे गोड बोलायचे. "मॅडम, फक्त आजचा दिवस." तो आजचा दिवस जूनमध्ये सुरू व्हायचा आणि मार्चमध्ये संपायचा. मी भांडले नाही असं नाही, पण भांडून तास थोडाच परत मिळणार होता. शेवटी तोंडाला कुलूप लावलं आणि घरी जिन्यात बसून स्वतःचं काहीबाही करत राहिले.

त्या जिन्यात माझ्याजवळ एक पुस्तक असायचं. मी मूळची नांदेडची. तिथं कलाशिक्षकाचा डिप्लोमा करत असताना रद्दीवाल्याकडे ते सापडलं. वेष्टन गेलेलं, पुढची पानं गेलेली, त्यामुळे कुणी लिहिलं ते आजतागायत मला माहीत नाही. आत जाड कागदावर रंगीत छापलेली चित्रं. युरोपात आज जिथं बेल्जियम आणि हॉलंड आहेत, तिथली, पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीची. सगळी देवादिकांची: मेरी, तिच्या मांडीवर बाळ येशू, पंखांचे देवदूत, क्रुसावरून उतरवलेला तोच मुलगा मोठा होऊन. माझं इंग्रजी यथातथाच. डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक परिच्छेद फोडायचे. त्यात इतकी गुंतले की डिप्लोमाच्या परीक्षेला अजिंठ्यावर लिहायचं राहिलं आणि मास्तरांनी खडसावलं.

ती चित्रं कापडावर नाहीत, लाकडाच्या फळ्यांवर आहेत. ओकच्या फळ्या जोडायच्या, त्यावर खडूची पूड आणि सरस यांचा लेप द्यायचा, घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा आणि मग तेलातल्या रंगाचे पातळ थर एकावर एक चढवत न्यायचे. हे तेल म्हणजे त्या लोकांचं मोठं गुपित म्हणून पुस्तकानं दोन पानं खर्ची घातलेली. ते निघालं जवसाचं! आमच्याकडे त्याची चटणी करतात. मी नांदेडच्या आमच्या स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले होते.

पुष्कळ चित्रांना कवाडं असतात. मधे मोठी फळी, बाजूंना दोन, किंवा नुसत्याच दोन, बिजागरीनं जोडलेल्या. एरवी मिटलेली. बाहेरून करड्या रंगात, दगडी मूर्ती वाटाव्यात अशी रंगवलेली. सणावारी उघडायची, की आत लाल, निळा, सोनेरी नुसता उसळून येतो. आणि आत देवाच्या बाजूला गुडघे टेकून बसलेली साधी माणसं. ज्यानं चित्र करवून घेतलं तो, त्याची बायको, त्यांची पोरं ओळीनं. त्यांचे चेहरे मात्र अजिबात देवासारखे नाहीत. गालावरचा चामखीळ, न केलेली दाढी, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं जसंच्या तसं. त्यांतल्या काहींच्या डोक्यावर एक इवलासा तांबडा क्रूस असतो. म्हणजे तो माणूस वारलेला. मेलेली आणि जिवंत एकाच रांगेत, हात जोडून, खांद्याला खांदा लावून बसलेली. मला हे फार आवडायचं. का ते विचारलंत तर सांगता यायचं नाही.

आता त्या मुलीबद्दल सांगते. ती शाळेत माझी विद्यार्थिनी होती, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेली. हात बरा होता. दहावीला शहाण्णव टक्के पडल्यावर तिची चित्रकला सुटली ती सुटलीच, आणि ती आमच्या यांच्या बॅचला आली. औशाला मामाकडे वाढलेली. किल्लारीच्या भूकंपात तिची आई आणि पाठची बहीण गेली तेव्हा ही पाच-सहा वर्षांची होती. गणपती बुडवायची मिरवणूक बघायला मामाकडे औशाला आलेली, म्हणून वाचली. वडील शेतात वस्तीला होते म्हणून ते वाचले. घरात होत्या त्या दोघी राहिल्या नाहीत. माळवदाचं दगडमातीचं घर, दुसरं काय होणार! हे सगळं तिनं कधी सांगितलं नव्हतं, पण इकडच्या शाळेत अशी मुलं दर वर्गात असायची आणि बाईंना ते ठाऊक असायचं.

दोन बॅचच्या मधल्या वेळात ती जिन्यात येऊन बसायची. पोळीचा डबा उघडायची आणि माझं पुस्तक चाळायची. बारावीची परीक्षा झाली, मेडिकलची परीक्षा झाली, निकालाची वाट बघणं सुरू झालं, तरी येत राहिली. एकदा तिनं बोट ठेवून विचारलं, "मॅडम, ह्या पोरीच्या डोक्यावर हे लाल काय आहे?"

मी सांगितलं.

"म्हणजे ही मेलेली? आणि हिच्या शेजारची?"

"ती जिवंत."

तिनं पुस्तक जवळ ओढलं. मग म्हणाली, "मला असं एक करून द्याल? आईजवळ मी बसलेली. आमचा दोघींचा एकपण फोटो नाही, मॅडम. होता का तेही माहीत नाही. आता मी गावोगाव हॉस्टेलात राहणार. माझ्यापाशी आई नाहीच कुठली."

रडली वगैरे नाही. फिजिक्सची शंका विचारावी तसं विचारलं. मी 'बघू' म्हटलं, पण माझ्या मनात फळीसुद्धा कापून झाली होती. खरं सांगायचं तर मला तिची दया आली त्याहून जास्त हात शिवशिवले. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी, कुणी म्हणजे कुणीच, चित्र मागितलं नव्हतं.

आठ दिवसांनी तिचे वडील आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. पुनर्वसनाच्या गावात एकटेच राहायचे, शेती करायचे. पुन्हा लग्न केलं नव्हतं. पोतं सोडलं तर आत सागवानी कवाडं, दोन, हातभर उंचीची, लोखंडी बिजागरीसकट. त्यांच्या पडलेल्या घरातल्या भिंतीच्या फडताळाची.

"पोरगी म्हनली, बाई लाकडावर चित्र काढतेत. एवढंच निगालं बगा धड. सागवान हाय. पाण्यापावसात ऱ्हायलं तरी वाकलं न्हाई."

"काय काढू?" मी विचारलं.

"आमची ही. अन् लहानी. लई काय न्हाई. पितरात उघडीन, हार घालीन, नैवेद्य दावीन, परत लावून घीन."

"आणि तुम्ही? तुम्हालाही काढते की बाजूला."

"मला कशाला! मी हाय की हितं," असं म्हणून ते हसले. मुलीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. ती काय मागते आहे ते त्यांना ठाऊक असेल असं मी धरून चालले. दुसऱ्या कवाडावर देवी काढायची ठरली, तुळजापूरची.

मग मी महिनाभर वेड्यासारखी कामाला लागले. शाळेतले खडू पाट्यावर वाटले, सरसात कालवले, लेप दिले, घासले, परत दिले. सागवान तेलकट असतं, ते लेप धरीना. पहिला सगळा लेप पापुद्र्यासारखा निघाला तेव्हा मी त्या फळीला नांदेडी शिव्या दिल्या. जवसाचं तेल उन्हात ठेवून घट्ट केलं. हे म्हणाले, "चटणी कधी व्हायची?" मी म्हटलं, "तुमची बॅच सुटली की." औशाच्या मामाकडून तिच्या आईच्या लग्नातला एक फोटो मिळाला, पंचवीस माणसांचा. त्यात तिची आई तुरीच्या दाण्याएवढी, त्यातही अर्धा चेहरा मुंडावळ्यांनी झाकलेला. भिंग घेऊन बसले. डावी भुवई उजवीपेक्षा जराशी वर. तेवढं धरलं आणि बाकीचं मामांना विचारून विचारून. धाकटीचा तर काहीच पुरावा नाही. मोठीचाच चेहरा लहान करून तिला दिला.

पुस्तकातल्यासारखी बाहेरची बाजू दगडासारखी रंगवायची हौस होती. पण ज्यांची माणसं दगडाखाली गेली त्यांच्या घरात दगडाचं चित्र कसं पाठवायचं? एवढी अक्कल मला होती. दोन्ही कवाडं बिजागरीनं एकमेकांना जोडली आणि बाहेर नुसतं तेल चोळून लाकूड तसंच ठेवलं. आत डाव्या कवाडावर देवी. उजव्यावर आई, हात जोडून, हिरव्या इरकली लुगड्यात. तिला टेकून धाकटी. आणि जरा मागं, परकर-पोलक्यात नाही तर कॉलेजच्या ड्रेसमध्ये, आत्ता दिसते तशी मोठी. क्रूस आपल्याकडे कशाला? त्याऐवजी आईच्या आणि धाकटीच्या डोक्यावर मी एकेक शेवंतीचं फूल काढलं, अधांतरी. मोठीच्या डोक्यावर काही नाही. या फुलांच्या कल्पनेवर मी इतकी खूश होते की रोज शाळेतून आल्यावर चप्पल काढायच्या आधी ती बघायची.

निकाल लागला. मुलीला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. आमच्या यांनी पेढे वाटले. त्याच आठवड्यात मी बाप-लेकीला बोलावून घेतलं.

वडिलांनी आधी नळावर हातपाय धुतले. मग दोन्ही कवाडं हलकेच उघडली. देवीला हात जोडले. उजवीकडं वळले आणि एकदम खाली वाकले. "हीच," ते म्हणाले. "आमची हीच हाय. कुकू बी असंच लावायची, थोरलं." धाकटीला त्यांनी बोट लावलं नाही, बोट वरून फिरवलं. मला भरून आलं, मी नाकारणार नाही. मग त्यांचं बोट तिसऱ्या चेहऱ्याशी येऊन थांबलं.

"ही हितं काय करायली?"

"तुमची लेक आहे," मी म्हटलं. "तिनंच सांगितलं होतं."

"हे मला दिसतंय. ह्यांच्यात कशापायी बसवली?"

मला वाटलं, समजावून सांगितलं की झालं. मी पुस्तक उघडलं, ती रांग दाखवली, क्रूस दाखवले, म्हटलं की त्या देशात असंच असतं, जिवंत आणि गेलेली जवळजवळ बसतात. बघा, फूल फक्त दोघींवर आहे, हिच्यावर नाही.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी हिच्यासाठी जागा धरून ठिवली म्हना की."

मी पुस्तक मिटलं.

"मी ह्याला हार घालनार हाय, बाई. दर साली. घालताना हिच्या गळ्याला कसा चुकवू?" आवाज चढला नव्हता. "माजी एवढी एकच हाय. एवढीच ठिवलीया देवानं. तिला काढा तिथून. पुसून टाका."

मुलगी पायरीवर बसली होती, ती उठली. "मला पुसू नका, मॅडम."

"गप बस, माय. तुला कळत न्हाई."

"तुम्हाला कळतं ना? मग सांगा, मी आईजवळ कधी बसले होते? मला काहीच आठवत नाही, दादा. मला फक्त एसटी आठवते. आईनं खिडकीतून डबा दिला आणि एसटी सुटली. बस्स. मला तिच्याजवळ बसायचंय. मी डॉक्टर होईन, नोकरी करीन, तुम्ही म्हणाल ते करीन. पण हे पुसलं तर मला ते चित्रच नको."

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "मला बी नको मग," म्हणाले आणि जिना उतरून गेले. कवाडं उघडीच राहिली होती. ती मी लावली.

मला दोघांचाही राग आला. एका महिन्याची मेहनत. त्याहून स्वतःचा आला, तो नंतर, भांडी घासताना. मला हे सगळं माहीत नव्हतं का? नांदेडला माझी काकू वारली तेव्हा घरातल्या एका फोटोत सगळ्यांच्या मधे उभी असलेली तिची छबी फोटो स्टुडिओतून वेगळी कापून आणली होती. जिवंत माणसांसकट फोटोला हार घालायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. फोटोवाल्यालासुद्धा सांगावं लागलं नव्हतं. आणि मी शिकलेली, चांगली चाळिशीतली बाई, पाचशे वर्षांपूर्वीच्या परदेशी माणसांचं ऐकून एका बापाच्या जित्या लेकीला मेलेल्यांत बसवून मोकळी! दगडाचं तेवढं सुचलं होतं, हे नाही.

मी टर्पेंटाइन काढलं, चिंधी काढली. रंग वरवर सुकला होता, आत ओला होता. पाच मिनिटांचं काम. पण चिंधी त्या चेहऱ्यावर टेकवेना. पुसायचं म्हणजे बापासाठी लेक वाचवायची आणि लेकीची आई दुसऱ्यांदा घालवायची. हे वर आले, बघत उभे राहिले. "दोन्हीकडून सारखंच बळ लागलंय," म्हणाले. मी म्हटलं, "तुमचं फिजिक्स खाली ठेवा." ते निमूट खाली गेले.

तीन आठवडे कवाडं मिटून जिन्यात पडून होती. मुलगी निरोप घ्यायला आली. वडिलांशी बोलणं आहे, पण धड नाही, म्हणाली. उद्या सकाळच्या गाडीनं नांदेडला निघायचं होतं. "ठेवा तुमच्याचपाशी," ती म्हणाली. चित्र न उघडताच पाया पडून गेली. मी नांदेडच्या माझ्या बहिणीचा पत्ता लिहून दिला, आणखी काय करणार होते?

त्याच दिवशी दुपारी वडील एकटेच आले. पायऱ्या चढून वर आले, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"उगडता का जरा?"

मी उघडली. या वेळी त्यांनी देवीकडं पाहिलं नाही. उकिडवे बसून उजव्या कवाडाकडं बघत राहिले. खाली सरांची बॅच चालू होती, शंभर मुलं एकदम काहीतरी लिहून घेत होती. शेवटी मीच म्हटलं, "चूक माझी आहे. तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसते, तुमच्यासमोर. मुलीला मी समजावीन."

"नगा पुसू. रात्री जेवली न्हाई ती. आईजवळ बसायचंय म्हनती, त्यात काय चुकलं तिचं? कोन बसवनार तिला?" मग त्यांनी आईच्या आणि मोठीच्या चित्राच्या मधल्या जागेवर चार बोटं आडवी ठेवली. "हितं एक मानूस मावंल का?"

"मावेल," मी म्हटलं. "कोण?"

"मला बसवा मधी."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चित्रातली माणसं बसली होती तसे गुडघे टेकले, जिन्याच्या त्या वळणावर, हात जोडून.

"तिला आईच्या जवळ राहू द्या," ते म्हणाले. "पर मधी मी असू द्या. तिकडनं काय यायचं असंल तर आदी माझ्यापाशी येऊ द्या."